सुमनताईंचा चंद्र

मी माहेरी गेले होते. परत आले तर सोसायटीच्या फाटकातच भाजीवाला म्हणाला, "तुमच्या शाळेवाल्या बाई गेल्या, ताई." शेजारच्या जिन्यातली बातमी मला फाटकात कळावी, याचा आधी रागच आला. रडू नंतर आलं...

सुमनताईंची माझी ओळख झाली तेव्हा वाशीतल्या आमच्या इमारती नव्या होत्या, आणि सगळ्या सारख्याच. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी पिशव्या सावरत खुशाल सुमनताईंच्या घरात शिरले. त्या भूगोल शिकवायच्या. हसून म्हणाल्या, "मजला बरोबर, जिना चुकला! म्हणजे अक्षांश जुळला, रेखांश नाही. दोन्ही जुळल्याशिवाय घर सापडत नाही हो." आणि चहा टाकला. पृथ्वीवरचं कुठलंही ठिकाण या दोन आकड्यांत सापडतं, हे मला खरं त्यांच्या स्वयंपाकघरात कळलं.

त्यांचा एकुलता एक अवी मालवाहू जहाजावर होता. संकष्टीचा उपास चंद्र उगवल्यावरच सोडायचा, पण ताई साडेचार-पाचलाच वरणभात घेऊन बसायच्या. आम्ही बायका चेष्टा करायचो, "उगवला का चंद्र?"

"उगवला की, जपानात! पूर्वेला पंधरा रेखांश गेलं की एक तास आधी. माझा अवी आत्ता पानावर बसला असेल."

लेकाबरोबर जेवायचं, एवढाच त्यांचा हट्ट होता.

शेवटच्या आजारपणात अवी रजा काढून आला. संकष्टीलाच मी पेज घेऊन गेले होते. तो सहज बोलून गेला, "आई, मी पण संकष्टी करतो जहाजावर. पण वाशीचा चंद्र धरतो हां. तू जेवशील तेव्हाच जेवायचं ना! तिकडे मध्यरात्र होते, पोरं हसतात मला."

ताई इतक्या हसल्या की ठसका लागला. "अरे गाढवा, म्हणजे आपण एकदाही बरोबर जेवलो नाही!" हसता हसता रडायला लागल्या. मीही रडले, खोटं कशाला सांगू? त्या रात्री पारसिकच्या डोंगरामागून चंद्र वर आला आणि मायलेकांनी एकत्र उपास सोडला. ताईंना दोनच घास गेले.

पुढची संकष्टी आली तेव्हा ताई नव्हत्या. अवीला दोन दिवसांनी जहाजावर रुजू व्हायचं होतं. मी त्याला जेवायला बोलावलं होतं. पान वाढलं, चंद्रही दिसला, पण तो हात आखडून बसून राहिला.

"मावशी," तो म्हणाला, "आता कुठला चंद्र धरायचा?"

मी त्याच्या भातावर तूप वाढलं, आणि माझंही पान घेऊन त्याच्याशेजारी बसले.