पनवेल ते खंडाळे: नवसाचा मलिदा आणि आंब्याखाली बसलेला मोशे

अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलियाहू हन्नबीच्या टापाला कसं जायचं, अशी विचारणा या ब्लॉगवर अधूनमधून होते. सांगते. पण माझी तिथली पहिली फेरी साठेक वर्षांपूर्वीची आहे आणि ती आठवली की अजून माझं डोकं फिरतं. तेव्हा रस्ता आणि राग एकत्रच मिळेल, हवं ते निवडून घ्या.

आम्ही पनवेलचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. बाबा लवकर गेले. घरात आई, मोठा भाऊ मोशे आणि मी, दीना. मोशे लहानपणी विषमज्वरानं आडवा झाला होता. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा आईनं एलियाहू हन्नबीला, आमच्या प्रेषिताला, नवस बोलला: पोर वाचू दे, त्याला घेऊन टापावर मलिदा करीन. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि सोबत फळं. प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांनी मिळून खायचा. मोशे वाचला. नवस मात्र बाबांचं आजारपण, मग माझं शिक्षण, असं करत राहूनच गेला.

पुढे मोशे मुंबईत नोकरीला लागला आणि तिथे एका गुरुजींकडे धर्म शिकू लागला. माणसाला देवाची ओढ लागली तर बिघडलं कुठे? पण याची ओढ दर रविवारी घरी यायची आणि आमच्यावर आदळायची. आईच्या भांड्यांतलं तो खाईना. आमच्या धर्माप्रमाणे दुधाची आणि मटणाची भांडी जन्मभर वेगळी ठेवलेली बाई ती, आणि हा तिच्यासमोर केळी सोलून खात बसायचा. मलिद्याचं नाव काढलं की म्हणायचा, "हे शेजारपाजारचं उचललेलं आहे. आपल्या ग्रंथात कुठे नाही."

त्याचं इस्राएलला जायचं ठरलं, तेव्हा आई म्हणाली, "जाण्याआधी नवस फेडू या. मग तू मोकळा." तो "बरं" म्हणाला. त्या "बरं"वर मी विश्वास ठेवला.

सकाळची एसटी पकडलीत तर उत्तम, उन्हाच्या आत पोहोचता. तेव्हा बस पळस्पे फाट्याला वळून गोव्याच्या रस्त्याला लागली की धुरळ्यानं आपले केस आपल्यालाच ओळखू यायचे नाहीत. भाडं जेमतेम दोन-अडीच रुपये. पेणपुढे दोन्हीकडे खारी शेतं आणि मिठागरं, फार सुंदर. मला त्यातलं काही धड दिसलं नाही, कारण पुढच्या बाकावर मोशे पुस्तकात नाक खुपसून बसला होता आणि मी त्याच्या मानेकडे बघत होते. वडखळला गाडी थांबते, तिथे गरम भजी मिळायची. आईनं द्रोण पुढे केला.

"तेल कसलं आहे कोण जाणे," मोशे म्हणाला.

आईनं द्रोण माझ्याकडे दिला. सगळी भजी मी खाल्ली, रागाच्या भरात.

धरमतरची खाडी, पोयनाड, मग कार्लेखिंड उतरलात की खंडाळे. गावातून शेताच्या बांधानं थोडं चालायचं. खडकावर रथाच्या चाकांची आणि घोड्याच्या टापेची खूण आहे. एलियाहू हन्नबी इथून स्वर्गात गेला अशी आमची श्रद्धा. बांधावर एक म्हातारी गवत कापत होती. आईची टोपली बघून म्हणाली, "तुमचा देव घोऱ्यावरून गेला त्यो ह्योच टाप हाय, माय. आमी पन हात जोरताव."

आई खुलली. मोशेनं तोंड फिरवलं.

अलिबागचा दाविदमामा माणसं जमवून आधीच आला होता. आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा जाणते पुरुष लागतात. पूर्वी एका हाकेत वीस आले असते, पण निम्मी घरं इस्राएलला निघून गेली होती. मामानं कसेबसे नऊ जमवले. दहावा मोशे, हे आईनं पहिल्यापासून धरलेलंच होतं. मोशे पलीकडे आंब्याखाली जाऊन बसला.

मामा त्याच्याकडे गेला. "ये रे. म्हणू नकोस, खाऊ नकोस. नुसता उभा राहा."

"मला दगडापुढे उभं करू नका, मामा. इथवर आलो तेच आईसाठी."

"मग आईसाठीच चार पावलं अजून ये."

"तेवढं जमायचं नाही."

मग मी गेले. शाळेत शिकवून घर मी चालवत होते, पण त्या दहात मला कोणी धरणार नव्हतं. त्याचाही राग होताच. म्हटलं, "तिनं तुझा जीव मागितला होता. दगड नव्हता मागितला."

तो अगदी शांतपणे म्हणाला, "दीना, ही परीक्षा असते. देवाच्या वाटेवर घरच्यांची माया आडवी येतेच."

परीक्षा! जिनं याच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत उपास काढले, ती याच्या वाटेतला धोंडा. मी त्याची एक चप्पल उचलली आणि खाचरात भिरकावली. तो उठला, चिखलातून चप्पल घेऊन आला आणि पुन्हा पुस्तक उघडून बसला. तो ढोंगी असता तर मला सोपं गेलं असतं. तो ढोंगी नव्हता. त्याची भक्ती खरी होती, आणि त्या खऱ्या भक्तीत आईला उभं राहायला वीतभर जागा नव्हती.

आई म्हणाली, "दाविद, सुरू कर. आहेत तेवढ्यात."

नऊ जणांत म्हणता येतं तेवढं म्हटलं. मलिदा सगळ्यांनी खाल्ला, गवतवाल्या म्हातारीनंही पदरात बांधून नेला. आईनं तोंडात घास घातला नाही. परतीच्या बसमध्ये एवढंच म्हणाली, "अपुरा राहिला." पुढे मरेपर्यंत नवसाचा विषय निघाला की हेच म्हणायची.

दुसऱ्या सकाळी मोशे ट्रंक घेऊन निघाला. तिथून मुंबई आणि मग बोट. आमच्याकडे निरोप घेताना हातबोशी करतात: दोघांनी हात हातांना लावायचे आणि मग आपापली बोटं ओठांना. त्यानं दारात दोन्ही हात पुढे केले. आईनं आपले हात पदराखालून काढले नाहीत.

"गाडी चुकेल तुझी," ती म्हणाली आणि आत गेली.

तो तसाच उभा राहिला. आतून फुंकणीचा आवाज येत होता, पण चूल पेटलेली नव्हती.

अशा माणसाशी घरच्यांनी कसं वागावं, असंही तुमच्यापैकी काही जण विचारतात. मला जमलं नाही, मी काय सांगणार? आईनं त्याच्यासाठी म्हणून वेगळी आणलेली आणि त्यानं कधीच न वापरलेली नवी कोरी भांडी मी पुढे वापरायला काढली, एवढंच.

आई गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मोशे एकदा पनवेलला आला. दाढी पांढरी झालेली. दोन दिवस इकडचं तिकडचं बोलला. तिसऱ्या दिवशी खाली मान घालून म्हणाला, "दीना, मला टापावर घेऊन चल. आईचा मलिदा करू."

मी त्याला एसटी कुठून सुटते ते सांगितलं.