शनिवारची दहा कार्डं

"तू चपलांपाशी बस. बस्ते तिथंच राहू दे."

आमच्या हेडक्लार्कांनी, बडेबाबूंनी, हे भर सभेत सांगितलं. सगळ्यांच्या देखत. सभा बुलढाण्याला होती. तालुका कचेऱ्यांमधले रेकॉर्ड सांभाळणारे कारकून वर्षातून एकदा तिथं जमायचे आणि कामात कोणी काय नवी युक्ती काढली ते एकमेकांना सांगायचे. राज्य नवं होतं. जुन्या राज्यातले कागद ढिगानं येऊन पडले होते आणि हवा तो कागद वेळेला सापडत नाही म्हणून सगळेच घायकुतीला आले होते. त्या दिवशी चिखलीच्या कचेरीची युक्ती सांगितली जाणार होती. ती युक्ती माझी होती.

मी बसलो. दारात, वहाणांच्या ढिगाशेजारी, मांडीवर कापडात बांधलेले कागदांचे दोन बस्ते घेऊन.

मी चिखलीला दप्तरी. म्हणजे कागदांचे बस्ते बांधायचे, रॅकला लावायचे, मागतील तेव्हा काढून द्यायचे. मॅट्रिक पास होऊन दप्तरी. कारकुनाची जागा निघाली तेव्हा माझा अर्ज म्हणे गहाळ झाला. माझा बाप पटवाऱ्याचं दप्तर डोक्यावर घेऊन या गावाहून त्या गावाला जायचा. आतलं एक अक्षर त्याला वाचता येत नव्हतं. आम्ही धम्म घेतला, गावातली ती कामं सोडली, मी शिकलो, आणि फिरून माझ्या हाती दप्तरच आलं. हसावं की रडावं? पण ते काम मला आवडलं. खरंच आवडलं.

बडेबाबू माझ्या हातून काही घेत नसत. बस्ता टेबलावर ठेवायचा, दोन पावलं मागं सरायचं, मग ते उचलणार. मला चिठ्ठी द्यायची तर वरून सोडायचे. अस्पृश्यताबंदीचा कायदा त्यांना तोंडपाठ होता.

युक्ती साधी होती. रॅकमधून बस्ता काढला की त्याच्या जागी एक लाकडी पट्टी उभी करायची. तिच्यावर खडूनं लिहायचं, कोणी नेला, कधी नेला. दर गावाचं एक कार्ड, त्यावर रॅकचा आणि कप्प्याचा नंबर. कार्डांचे संच दोन, तेही दोन वेगळ्या खोल्यांत, कारण वाळवी काही विचारून लागत नाही. आणि शेवटचं काम शनिवारी. अर्ध्या दिवसानं कचेरी रिकामी झाली की मी थांबायचो. डोळे मिटून दहा कार्डं ओढायचो आणि कार्ड सांगतं तिथं बस्ता आहे का ते स्वतः जाऊन बघायचो. पट्टी न ठेवता कोणी बस्ता नेला असेल, भलत्याच कप्प्यात कोंबला असेल, तर ते इथं उघडकीला यायचं. हे शेवटचं बडेबाबूंना माहीत नव्हतं. त्या वेळी ते घरी जेवायला बसलेले असायचे.

सभेत ते उभे राहिले. "मी ही पद्धत बसवली" म्हणाले. "मी पट्ट्या करवून घेतल्या" म्हणाले. त्या पट्ट्या मी मोडक्या खोक्यांच्या फळ्या कापून केल्या होत्या, कुसळं हातात जाऊ नयेत म्हणून एकेक घासली होती. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्याची लाज मला आजही वाटते.

मग देऊळगाव राजाच्या कचेरीतले एक म्हातारे कारकून उठले. कामाचा माणूस असावा, कारण विचारलं ते नेमकं विचारलं. "अन् पट्टी न ठेवताच एखाद्यानं बस्ता नेला, तर तुम्हाले कळते कसं?"

बडेबाबूंनी कागद उलटेपालटे केले. मग दाराकडे बघून म्हणाले, "सांग रे. तू काय करतोस ते सांग."

मी उठलो. टेबलाकडे निघालो. कार्डं खिशात होती, ओढून दाखवली असती. तीन पावलं टाकली असतील, तोच अध्यक्ष म्हणाले, "तिथूनच सांग. पुढे यायचं कारण नाही."

उत्तर जिभेवर होतं. बापाच्या डोक्यावरचं दप्तर मला दिसलं. मी म्हणालो, "इथून नाही सांगत. मले खुर्ची द्या, मंग सांगतो."

कोणी हललं नाही. ते म्हातारे कारकूनही खाली बघत बसले. खुर्च्या मागं रिकाम्या होत्या, मी मोजल्या, सहा होत्या. बडेबाबू घाईघाईनं म्हणाले, "आम्ही रोज बस्ते मोजतो." आणि सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मोजून एखादा कमी भरेल, पण कोणता ते कसं कळणार? भलत्या कप्प्यात गेलेला बस्ताही मोजणीत एकच भरतो. जिल्हाभर आता ही चूक चालणार, आणि ती माझ्या गप्प बसण्यानं चालणार, हे मला तिथंच कळत होतं. तरी मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवसापासून मला रेकॉर्डच्या खोलीत जायची बंदी झाली. दाराबाहेर स्टूल दिलं. आत पट्ट्या कोपऱ्यात पडल्या, बस्ते वाटेल तसे कोंबले जाऊ लागले. एक बाई वावराच्या कागदाच्या नकलेसाठी तीनदा येऊन गेली. दर वेळी तेच उत्तर, सापडत नाही. चौथ्यांदा ती पायरीवर बसून रडली. तिच्या गावाचा बस्ता कुठं कोंबला ते मी स्टुलावरून पाहिलं होतं; तिच्या कानात सांगितलं, तिसरा रॅक, सर्वांत खालचा कप्पा. तिनं आत जाऊन तसंच सांगितलं आणि नक्कल मिळाली. मला लेखी ताकीद मिळाली, कचेरीची माहिती बाहेर फोडली म्हणून.

बाप म्हणाला, "काऊन बोलला बे तू सभेत? चूप राह्यला असता तं खोलीत तरी राह्यला असता." रोज स्टुलावर बसून मलाही तेच वाटायचं. हातातलं काम गेलं, सभेत कोणी साथ दिली नाही, सभा भरवणाऱ्या संघटनेकडे सभासदत्वाचा अर्ज केला तर उत्तर आलं, ही संघटना कारकुनांची आहे. जीव नकोसा व्हायचा.

आज फलकावर पुढच्या सभेचं पत्र लागलंय. मी जाणार. बोलावणं नाही, तरी जाणार. रजा टाकून, माझ्या खर्चानं एसटीनं. बस्ते नेणार नाही. खिशात फक्त दहा कार्डं. सरळ आत जाईन आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसेन. ऊठ म्हणतील. मी उठणार नाही. त्यांना मला उठवायचं असेल, तर मला शिवावं लागेल.