इंजिन पाणी घेतं तेवढी फिल्म

मला छोट्या आगगाड्यांच्या जुन्या फिल्मा बघण्याचा नाद आहे, असं आमच्या घरात सगळे धरून चालतात. मुलगा कुठून कुठून त्या शोधून आणतो आणि माझ्यापुढे लावून देतो. अरुंद रूळ, दोन-तीन डब्यांची गाडी, बाजूला गुरं, आणि उगाच मोठा आव आणून धूर सोडणारं इंजिन. या फिल्मा काढणारे लोक बहुधा इंजिनाच्या प्रेमात पडलेले असतात. चाकं, दांडे, बंब, शिट्टी यांतून त्यांचा डोळा निघत नाही. गाडीतली माणसं चुकून दिसलीच तर डोकी कापलेली.

मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. मी डब्याच्या दारापाशी काय चाललंय ते बघते. पण हे कोणाला सांगत बसलं तर मागचं सगळं सांगावं लागतं, म्हणून नाद आहे म्हणतात तर म्हणू देते. आज मात्र मागचं सगळं सांगायचंच ठरवलं आहे.

बाबा अमरावतीला वकील होते. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं ते अंजनगावला, आणि मुलाचे आजोबा अंथरुणाला खिळलेले म्हणून लग्न त्यांच्याच दारात करायचं ठरलं. तेव्हा मी मॅट्रिकला होते. आम्ही मुलीकडचे सगळे लटांबर घेऊन निघालो. बडनेऱ्याहून मोठ्या गाडीनं मूर्तिजापूर, आणि तिथून अचलपूरला जाणाऱ्या छोट्या गाडीनं अंजनगाव. मूर्तिजापूरच्या फलाटावर अकोल्याचे मामा येऊन मिळाले. आईचे धाकटे भाऊ. जठारपेठेत त्यांचा दवाखाना होता आणि दवाखान्याइतकंच लक्ष इतर सगळ्या भानगडींत होतं. त्या वर्षीची भानगड म्हणजे आफ्रिकेहून परतलेल्या एका पेशंटनं त्यांना दिलेला सिनेमा काढायचा छोटा कॅमेरा. किल्ली द्यायची, डोळ्याला लावायचा आणि कळ दाबायची. मामा तो गळ्यात अडकवून आले होते. मामींनी अहेराच्या साड्यांची पेटी एकटीनं सांभाळली.

ती गाडी म्हणजे घरचीच होती. रस्त्यात कोणी हात केला की ड्रायव्हर वेग कमी करी, आणि गार्ड निम्म्या प्रवाशांना काका-मामा म्हणे. उतरून, शेतातली बोरं तोडून, परत चढणारी पोरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. मधल्या एका स्टेशनावर इंजिन पाणी घ्यायला थांबे. ते निवांत पाणी पिई आणि तोवर लोक चहा पीत. आमचं वऱ्हाडही खाली उतरलं. मामांनी आधी इंजिनाची फिल्म घेतली, पुढून घेतली, मागून घेतली, पाण्याच्या लोंबत्या सोंडेची घेतली. मग म्हणाले, “चला, आता माणसांची काढतो.”

आता आमच्या लोकांना तोवर एकच कॅमेरा ठाऊक होता. स्टुडिओतला, काळ्या कापडाखालचा. फोटो म्हटलं की मानपानानं उभं राहायचं, श्वास रोखायचा आणि ‘झालं’ म्हणेपर्यंत पापणी हलवायची नाही. सगळे क्षणात ओळीनं लागले. आत्या आणि मोठ्या काकू पुढे, पुरुष मागे, नवरी मधोमध. बाबा टोपी सारखी करून एका कडेला आणि आई पार दुसऱ्या कडेला. नवरा-बायकोनं शेजारी उभं राहायची रीत नव्हती. माझ्या आईनं चारचौघांत बाबांच्या हातून पाण्याचा पेलासुद्धा कधी थेट घेतला नाही. तो आधी ओट्यावर ठेवला जाई, मग ती उचली.

मामा ओरडले, “हाला ना जी, हाला! हा सिनेमा होय. असे खांबावानी काहून उभे हा सारे?”

बाबांनी ओठ न हलवता उत्तर दिलं, “फोटोत कोणी हालते काय? डॉक्टर, तुमी तुमचं काम करा.” आणि मग आम्हाला दरडावलं, “हालू नका रे कोणी.”

कोर्टात न्यायाधीशाला गप्प करणारा माणूस. कोणाची हलायची बिशाद होती? मामा कळ दाबून उभे, आम्ही श्वास रोखून उभे, आणि आमच्या मागे इंजिनाचं पाणी भरून झालं. गाडी सुटली. गार्ड हिरवं निशाण टाकून ओरडायला लागला, “वकीलसाहेब, आता चढा ना जी! फोटोले गाडी थांबत नाई!” मग जी पळापळ झाली तिला तोड नाही. ती गाडी चालत्या बैलाच्या वेगानं जात होती म्हणून लग्न लागलं. मला कोणीतरी आत ढकललं. माझी एक चप्पल खाली फलाटावर राहिली, ते न कळून मी दारात न बघता बाकाखाली तीच शोधत बसले. मामा सगळ्यांत शेवटी, कॅमेरा छातीशी धरून, गार्डाच्या डब्यात चढले.

लग्न व्यवस्थित झालं. फिल्मची गोष्ट सगळे विसरले. रीळ अर्धंच वापरलेलं होतं आणि मामा ते पुरवून पुरवून वापरत होते. त्यामुळे ते कॅमेऱ्यातच पडून राहिलं.

पुढच्या हिवाळ्यात बाबा गेले. कोर्टातून आले, जरा पडतो म्हणाले, आणि उठले नाहीत. भिंतीवर लावायला त्यांचा एकच फोटो होता. काळा कोट, गळ्याशी आवळलेली कॉलर आणि डोळे असे की समोरच्यानं गुन्हा कबूल करावा. आई रोज त्याला हार घाले आणि रोज म्हणे, “हे असे नोते.” बाबा घरात सतत फिरत बोलत. हात मागे बांधून, एक खांदा किंचित पुढे काढून, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आम्हा सगळ्यांना ते चालतानाच आठवत, आणि फोटोत तेवढंच नव्हतं.

मामा भेटायला आले तेव्हा तेच बोलणं निघालं आणि त्यांना एकदम रीळ आठवलं. “ताई, माया कॅमेऱ्यात भाऊजी हायेत!” आई भिंतीला टेकून बसली होती. ताठ झाली आणि म्हणाली, “चालताना दिसतीन?”

मामा डॉक्टर होते. नक्की नसलं की ‘पाहू’ म्हणायची सवय. “पाहू,” म्हणाले.

रीळ धुवायला मुंबईला गेलं आणि यायला उन्हाळा उजाडला. ते चार-पाच महिने आईनं त्याचा विषय काढला नाही. पण पोस्टमन आला की हातातलं टाकून दारात जाई. मला तिची कीव येई आणि रागही येई. मला स्वतःला ती फिल्म बघायचीच नव्हती. मेलेलं माणूस भिंतीवर हलताना बघून काय मिळणार, असं माझं मत होतं.

फिल्म आल्यावर आम्ही अकोल्याला गेलो. बहीण आणि तिचे यजमानही आले होते. मामांनी कापसाच्या जिनवाल्या एका मित्राचं फिल्म दाखवायचं यंत्र आणलं होतं. अकोल्याच्या उन्हाळ्यात दुपारी अंधार करायला काही करावं लागत नाही. खिडक्या बंद असतात आणि दारांवर वाळ्याचे पडदे. मामांचं धोतर भिंतीवर ताणून बांधलं. जावई खुर्चीवर, आम्ही सतरंजीवर, आई सगळ्यांच्या मागे दाराशी.

आधी इंजिन. मग परत इंजिन. चाक, सोंड, पाणी, धूर. कुठलाही आवाज नाही, फक्त यंत्राची खरखर. मामा खुशीत सांगत होते आणि मागे आई नुसती श्वास घेत होती. मग आम्ही आलो. सगळेच्या सगळे, दगडाचे. धूर हलत होता, निंबाची पानं हलत होती, एक शेळी आमच्यापुढून कान हलवत गेली. माणूस म्हणून एकही हलत नव्हता. कडेला बाबा, टोपी सरळ, डोळे भिंतीवरच्या फोटोतलेच.

“म्या सांगतलं होतं हाला म्हणून,” मामा पुटपुटले.

मला वाटलं, झालं, संपलं हे. आणि तेवढ्यात आमच्या मागचे डबे सरकायला लागले. ओळ फुटली. बाबा धावले. एका हातानं टोपी दाबून, एक खांदा पुढे काढून, अगदी जसे होते तसे धावले. बायका-पोरांना आत लोटलं, स्वतः चढले, आणि वळून वाकले. खाली आई, नऊवारीचा ओचा सावरत गाडीबरोबर चालत होती. बाबांनी हात खाली केला. तिनं आधी इकडे-तिकडे पाहिलं. मग हात दिला. त्यांनी तिला वर ओढून घेतली आणि पांढरं कोरं धोतर उरलं.

हे आम्ही कोणीच पाहिलं नव्हतं. आत जो तो आपलं सामान मोजत होता. मामांना कळ सोडायचं भान राहिलं नाही म्हणून ते फिल्मवर आलं.

माझं मत तिथंच गळून पडलं. मला हुंदका आला आणि मी तो दाबला नाही. मागे वळले तर आईनं पदर कपाळापर्यंत ओढलेला. “पुरे झालं, उघडा खिडक्या,” म्हणाली आणि आत चहा ठेवायला गेली. जावयांसमोर तिला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

चहा झाला. कपबशा उचलता उचलता मामांना म्हणाली, “ते इंजिन अजून एकदा लावतं काय? पानी भरतात ते मले नीट दिसलं नाई.”

मामांनी मोठ्या आनंदानं लावली. आपल्या बहिणीला इंजिनाची आवड आहे, हा शोध त्यांना त्या दिवशी लागला आणि तो त्यांनी गावभर सांगितला. त्यानंतर दर उन्हाळ्यात आई अकोल्याला जाई. “भावाची गाडी पाहून येतो,” म्हणे. इंजिनाची सगळी फिल्म शिस्तीनं बघे, सोंडेबद्दल एखादा प्रश्नही विचारी. एकदा तिनं विचारलं, “मधी थांबवता येते काय हे?”

“कुठं थांबवू?”

“असंच. कुठंबी.”

“नाई व ताई. एका जागी धरली तर दिव्यानं जळते.”

“मंग नको. चालू दे,” आई घाईनं म्हणाली.

पण इतक्यांदा चालवलेली फिल्म शेवटी तुटलीच. त्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा मामांनी ती चिकटवून ठेवली होती. बहीण, जावई, आम्ही सगळे होतो. मामा यंत्र लावता लावता म्हणाले, “शेवटी शेवटी थोडी तुटली ताई. जळाल्यासारका तुकडा होता, कापून टाकला. पन घाबरू नको, इंजिन सारं शाबूत हाय.”

“लाव,” आई म्हणाली.

इंजिन होतंच. आम्ही दगडाचे उभे होतो, शेळीही गेली. बाबा धावले, चढले, वळून वाकले. आणि फिल्मनं एक पांढरी उडी मारली, पुढच्या क्षणी आई डब्यात होती.

यंत्र रिकामं फिरत राहिलं. मामा ते बंद करायला वाकले. मागून, दारातून, आई बोलली. जावई खुर्चीत बसले होते, तरी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

“मधात त्यायनं मले हात देल्ता.”