दुय्यम रंजिता

आमच्या भागात ‘दुय्यम’ हा कमीपणाचा शब्द नाही. दोन पार्ट्या आमनेसामने बसतात, एक सवाल टाकते, दुसरी जवाब देते. कव्वालीच्या त्या सामन्याला आम्ही दुय्यम म्हणतो. मी शालीकराम पेंटर. गोंदियात पंधरा वर्षं पोस्टरांवर हा शब्द लाल रंगात, सगळ्यात मोठा लिहीत आलो. त्याचा दुसरा अर्थ मला माहीत नव्हता असं नाही. त्या दिवशी डोक्यात आला नाही, एवढंच. आणि तेवढ्यानं माझ्या हातून रंजिताचा घात झाला.

रंजिता दवनीवाड्याची, कलाबाईची एकुलती एक लेक. मायलेकी धानाच्या रोवणीला जायच्या आणि रंजिता बांधीतल्या चिखलात उभी राहून गायची. २००१ साली प्रफुल्लनं तिला कॅसेटसाठी नागपूरला नेलं. प्रफुल्ल म्हणजे तेव्हा आमच्या जिल्ह्याचा कव्वालीतला सुपरस्टार. तो येणार म्हटलं की पोरं झाडावर चढून बसायची. कॅसेटमध्ये गाणी दहा, पण चाललं एकच, दोघांचं. त्यात तो बाप होऊन विचारतो, शाळा कायले पाहिजे तुले? आणि रंजिता असा जवाब देते की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. त्या गाण्यानं कॅसेट देवरीपार छत्तीसगडात पोचली. पुढं कितीतरी वर्षं आमच्याकडं निघालेल्या कॅसेटींत बापलेकीचा सवाल-जवाब असायचाच. नकला सगळ्यांनी केल्या, तो गळा कुणाला आणता आला नाही.

कव्हरचा मजकूर मी लिहून दिला होता. वर गायक प्रफुल्ल, खाली रंजिता आणि दोघांच्या मधे ‘दुय्यम’ लिहायचं होतं. जागा पुरेना म्हणून मी तो शब्द खालच्या ओळीत ढकलला. छापून आलं ते असं: गायक प्रफुल्ल, दुय्यम रंजिता. कलाबाईला वाचता येत नव्हतं. ते कव्हर हातात धरून ती गावभर सांगत फिरली, “माही पोरगी दुय्यम हाय, प्रफुल्लच्या जोडीची!” मी शहाणा, मीही मान डोलवली.

२००७ मध्ये रंजिताच्या गळ्यातली गाठ काढली. जीव वाचला, आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. तोवर कलाबाईचे डोळे गेले होते आणि कानही मंदावले होते. घरातली कॅसेट घासून घासून केव्हाच तुटली. पण दरवर्षी जयंतीला विहारासमोर मोठ्या भोंग्यावर ते गाणं लागायचं. कलाबाई भोंग्याखाली जाऊन बसायची. तेवढी पाच मिनिटं तिला लेकीचा आवाज मिळायचा. बाकीचं वर्ष ती त्यावरच काढायची.

२०१३ मध्ये कंपनीनं तोच अल्बम नव्यानं काढला. प्रफुल्लचा आवाज तोच ठेवला, रंजिताच्या जागी दुसरीच कुणी. मी फोनवर भांडलो. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, “त्या बाई दुय्यम होत्या ना? कव्हरवर आहे तसं.” मी फोन ठेवला. जुन्या कॅसेटसाठी मी तालुका पालथा घातला. एकच सापडली, विहाराच्या मंडळाचीच, आणि तिचीही रीळ ओलीनं चिकटलेली. रंजितापुढं जाऊन मी सगळं कबूल केलं.  ती फक्त कुजबुजली, “आईले सांगू नका, शालीकभाऊ.”

पण कळायचं ते कळलंच. जयंतीला मंडळाच्या पोरांनी नवं गाणं लावलं. प्रफुल्लनं सवाल टाकला. कलाबाईनं मान वर केली, चेहरा हसरा झाला. मग जवाब सुरू झाला आणि ते हसू जागीच थांबलं.

“हे कोन गाऊन राहिली?” तिनं चाचपडत रंजिताचा हात धरला. “तुहा गळा गेला, पर गानं तं होतं ना? थे कोनं नेलं?”

मी शेजारीच उभा होतो. मी नेलं, असं म्हणायची हिंमत मला झाली नाही.

रंजितानं आईच्या कानाला तोंड लावलं आणि आपला जवाब गायला लागली. मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळे वाहायला लागले. कलाबाईनं हातानं कान पुसला.

“फुंकर कायले मारून राहिली व?” ती म्हणाली. “गा ना.”