साडूची वीत

...आणि सासरे साडूच्या दारातच उभे. हातात पिशवी नाही, छत्री नाही, नुसता पाण्याचा कॅन. काल गोष्ट सांगता सांगता इथवर आलो होतो आणि कुणीतरी हाक मारली म्हणून उठावं लागलं. तर मेव्हणी म्हणाली, "बाबा, आत तरी या." ते म्हणाले, "आधी जावईबापूंना बोलाव. आणि येताना पेला आण."

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. हे सासरे माझेही सासरेच. मी त्यांच्या थोरलीचा नवरा आणि साडू धाकटीचा. साडू नदीवरच्या बंधाऱ्याचा गेटवाला. अंगानं एवढा थोराड की दारातून जाताना वाकावं लागतं, पण सगळं गाव त्याला 'वीतभर' म्हणतं. पोरंटोरं 'वीतभर काका' म्हणतात आणि हा गडी खुशाल ओ देतो.

हे नाव कसं पडलं ते सांगायचं तर आधी नदी सांगायला हवी. नदी आमची मोठी. पण डोंगरात जिथं उगम पावते तिथं इतकीशी, की तहानलेला बैल एका दमात पिऊन टाकील. मग वाटेत ओढे मिळतात, दोन-तीन धाकट्या नद्या मिळतात, ती भरते, धरणात थोडी विसावते आणि मैदानात उतरते. तिथं हा बंधारा. बंधाऱ्याच्या कुशीतून कालवा निघतो, तो सगळी शेतं भिजवत जातो. त्याच्या खाली शहर. शहराचे पंप दिवसरात्र नदी उपसतात. मी तिथंच राहतो, तेव्हा मीही त्या उपशातला भागीदार. शहराखाली कागदाची गिरणी. ती पाणी घेते नितळ आणि परत देते चहाच्या रंगाचं. एवढ्यांचं घेऊन झालं की जे काही उरतं ते पुढं खाडीला जातं. त्या खाडीच्या तोंडाशी सासऱ्यांचं घर.

शाळेत आमचे गुरुजी फळ्यावर नदी काढायचे आणि छडीनं दाखवायचे, ही इथं समुद्राला मिळते. ते खरंच आहे. पण नदी अशक्त झाली की समुद्रच नदीला भेटायला येतो, हे मला सासरवाडीला गेल्यावर कळलं. भरतीचं खारं पाणी पात्रातून वर चढतं, काठच्या विहिरींत झिरपतं. पाणी मचूळ होतं. डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बायकामाणसं घागर घेऊन लांबलांब हिंडतात. मग समुद्राला मागं रेटायचं तर वरून गोडं पाणी यायला हवं. म्हणून बंधाऱ्यावर नियम आहे: उन्हाळ्यात पाणी कितीही कमी असो, एक गेट खालून वीतभर उघडं ठेवायचं. बाकी सगळं कालव्याला.

आता वीतभर म्हणजे किती? गेट चाक फिरवून वर उचललं की जेवढं ते उचललं जातं तेवढाच त्याचा दांडा वर चौथऱ्यावर येतो. दांड्यावर एके काळी आकडे होते, ते गंजून गेले. साडूनं ऑफिसला कळवलं. ऑफिस म्हणालं, रंगारी पाठवतो. तो रंगारी अजून वाटेतच आहे. आधीच्या म्हाताऱ्या गेटवाल्यानं निवृत्त होताना दाखवून ठेवलं होतं: चौथऱ्यावरच्या या खुणेपासून दांड्याचं टोक एक वीत वर. साडूनं आपला पंजा पसरून लावला. साहेब आले, त्यांनी पाहिलं, म्हणाले, चालेल. आणि साडूचा पंजा म्हणजे काय विचारता! करंगळी माझ्या अंगठ्याएवढी. माझी बायको तर म्हणते, "बाबांनी धाकटीसाठी मुलगा बघायला गेल्यावर त्याचं घर बघितलं नाही, पगार विचारला नाही. नुसता हात बघितला आणि होकार दिला."

तर त्या वर्षी पावसानं हात आखडता घेतला होता. धरणात पाणी जेमतेम. सासरे कॅन घेऊन आले ते त्यामुळंच. त्यांची ही रीतच होती. लेकीकडं जाताना लोक खाऊ नेतात, हे विहिरीचं पाणी आणायचे आणि जावयाला चाखायला लावायचे. साडू आला, पेलाभर प्यायला आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"कसं आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

"खारट आहे, मामा."

"मागच्या खेपेपेक्षा?"

"जास्त."

"गेट वीतभर आहे ना?"

"वीतभरच आहे. पण वरूनच नदी बारीक आलीय, मामा. वीतभर फटीतून जायला पाणी तरी हवं ना."

"असू दे. आहे ते येऊ दे," सासरे म्हणाले आणि मग कुठं चपला काढून आत आले.

मी आणि बायको दोन दिवसांसाठी तिथं आलेलोच होतो, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडूचा थोरला भाऊ आला. त्याला सगळे दादाच म्हणतात, मीही म्हणतो. दादाची शेती कालव्यावर. वडील लवकर गेले, तेव्हा या दादानंच साडूला वाढवलं. स्वतः शाळा सोडली आणि धाकट्याला शिकवलं. साडू कुणालाही उलट बोलेल, साहेबालाही बोलेल, पण दादासमोर त्याचा आवाज निम्मा होतो.

दादानं त्याच साली पेरूची बाग लावली होती. नवी रोपं, कोवळी. कालव्याला पाणी कमी येत होतं आणि रोपांनी माना टाकायला सुरुवात केली होती. दादा ओसरीवर बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "ते गेट बंद कर."

"दादा, बस तरी."

"बसायला आलो नाही. तू दोन हातांनी पाणी खाली सोडतोयस आणि माझी रोपं इथं मरतायत."

"वीतभरच आहे, दादा."

"ती वीत माणसाची आहे का म्हशीची? तुझा पंजा म्हणजे काय माप झालं? दुसऱ्या कुणाचा लावला असता तर कालव्याला केवढं पाणी वाढलं असतं!"

दादा पुढं म्हणाला, "सरळ सांगतो. आजच्या आज गेट बंद झालं नाही, तर पुन्हा या दाराची पायरी चढणार नाही. समजेन, मला भाऊ नव्हता."

साडू गेट बंद करणार नव्हता, हे मला माहीत होतं. पण दादा बोललेलं खरं करतो, हेही सगळ्यांना माहीत होतं. एकदा शेजाऱ्याशी बांधावरून बोलणं तोडलं, ते शेजारी गाव सोडून गेला तरी जोडलं नाही.

साडू एवढंच म्हणाला, "दादा, चहा तरी घे."

दोघी बहिणी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या, त्यामुळं चहा साडूनंच ठेवला. दादा अखेर भिंतीला टेकला, कारण चहाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं. साडूनं कप आणून हातात दिला. दादानं एक घोट घेतला आणि थूः करून अंगणात टाकला.

"चहात मीठ? मला? या हातांनी तुला भरवलं आणि तू मला मीठ पाजतोस? अपमानच करायचा होता तर तोंडानं करायचास!"

साडूनं चुलीकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पाण्याच्या माठाशेजारीच सासऱ्यांचा कॅन होता. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसानं हात घातला तो नेमका कॅनला! आयुष्यभर पाणी मोजणारा माणूस, आणि घरातलं पाणी चुकला. मला हसू आवरेना, पण त्या वेळी हसलो असतो तर दादानं मलाही पायरीवरून उतरवलं असतं.

"दादा, चुकून..." साडू म्हणेतो सासरे आतून आले. "काय झालं? चहा सांडला का?" असं म्हणत त्यांनी दादाच्या हातातला कप घेतला, फुंकर घातली आणि निवांत दोन घोट घेतले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघतोय.

"चांगला झालाय की," सासरे म्हणाले. "साखर जरा कमी आहे."

दादा म्हणाला, "कमी? अहो, मिठासारखा खारट आहे तो!"

"खारट?" सासऱ्यांनी आणखी एक घोट घेतला, जिभेवर घोळवला. "असेल. आमच्याकडं उन्हाळ्यात असाच होतो. मला काही वेगळं लागलं नाही बुवा." आणि उरलेला चहाही पिऊन टाकला.

मेव्हणी ओले हात पुसत आली, तिला काय झालं ते कळेना. दादा रिकाम्या कपाकडं बघत होता. पण दादा म्हणजे दादा. लगेच नमतं घेणाऱ्यातला नव्हे. म्हणाला, "ते सगळं ठीक आहे. पण वीत ती वीतच पाहिजे, म्हशीची नको. चल गेटवर."

आम्ही सगळे मिरवणुकीसारखे बंधाऱ्यावर गेलो. पुढं दादा, मागं साडू, मग सासरे, दोघी बहिणी आणि शेवटी मी. चौथऱ्यावर चढून दादानं खुणेवर अंगठा टेकवला आणि दांड्यावर पंजा पसरला. करंगळी गेली ती थेट दांड्याच्या टोकाला. पुन्हा लावला, या खेपेला बोटं जरा आखडून. माझी मेव्हणी खालून ओरडली, "दादा, बोटं सरळ करा, चोरी नको!"

मग साडूनं आपला पंजा दादाच्या पंजाशेजारी ठेवला. सख्खे भाऊच ते. एका साच्यातून काढल्यासारखे दोन हात, तेवढेच रुंद, तसेच राठ, दोघांचाही अंगठा किंचित बाहेर झुकलेला. सासरे माझ्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थोरला मोकळा असता, तर त्यालाही एक मुलगी दिली असती." तेव्हा मात्र मी हसलोच, आणि दादाही हसला. नको म्हणत हसला, पण हसला.

नंतर तो चौथऱ्याच्या कडेला पाय सोडून बसला. एका बाजूला कालवा, त्यात अर्ध्यापेक्षा खाली गेलेलं पाणी. दुसऱ्या बाजूला नदीचं पात्र, आणि गेटखालून निघालेली ती पातळ धार दगडांमधून वाट काढत खाली चाललेली. तिला अजून शहर गाठायचं होतं, गिरणी गाठायची होती, मग खाडी. दादा तिच्याकडं बराच वेळ बघत राहिला. साडू त्याच्यामागं उभा, बसावं की नाही हे न कळून.

"बागेत तू ये," दादा न वळताच म्हणाला. "ड्युटी सुटली की ये. विहिरीचा तळ उपसू आणि घागरीनं घालू. वाचतील तेवढी वाचतील."

"येतो, दादा. रोज येतो."

"आणि एवढं करून रोपं वाळलीच, तर मी कुणाच्या नावानं ओरडायचं, ते सांग."

साडू आता त्याच्या शेजारी बसला, पाय खाली सोडून, आणि म्हणाला, "माझ्याच नावानं ओरड, दादा. घरी येऊन ओरड. फक्त जेवायच्या वेळेला ये, म्हणजे ओरडून घसा सुकला की तिथंच पानावर बसता येईल."