भाईदास नानांची सपाट कड

भाईदास नाना नशिराबादहून सायकलने जळगावला कामाला येत. वर्कशॉपात त्यांचा लेथ माझ्या लेथच्या शेजारी होता. एकोणतीस वर्षांत त्यांचा एकही नग परत आला नव्हता. गिऱ्हाइकाने काम पास केलं की नाना त्यावर पंचाने बारीक 'भा' उमटवत. त्याआधी कधीच नाही.

त्यांची आणखी एक सवय होती. गोल काही केलं आणि चालण्यासारखं असलं, की एका कडेला कानस मारून ती सपाट करत. मग वस्तू बाकावरून घरंगळत नाही.

१९९७च्या जानेवारीत कॉलेजातल्या सुनंदाबाई आल्या. मूळ चोपड्याच्या, पदार्थविज्ञान शिकवत. त्यांना वीतभर रुंद पितळी तबकडी हवी होती, आणि तिच्यावर टाचणीच्या टोकावर मोकळ्या फिरणाऱ्या एकसष्ट चुंबकी सुया. टाचण्यांची भोकं कुठे पाडायची, त्याचा कागद मागाहून पाठवते म्हणाल्या.

कशासाठी, ते नानांनी विचारलं. बाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. चुंबकी धातूची तबकडी केसाच्या जाडीहून काही शे पट लहान केली, की तिच्यातली अणूएवढी चुंबकं एका दिशेला तोंड करून राहत नाहीत. एकामागे एक अशी गोल धरतात, उजवीकडून नाहीतर डावीकडून. उजवं म्हणजे एक, डावं म्हणजे शून्य. कॉम्प्युटरची आठवण अशी साठवता येईल का, हे त्या शोधत होत्या. खरी तबकडी डोळ्याला दिसत नाही, म्हणून मुलांना दाखवायला हा मोठा नमुना.

"आणि मधली?" नाना म्हणाले. "ती कोणाच्या मागे जाणार?"

"खरी असते ती वर तोंड करून उभी राहते, नाहीतर खाली. तुमच्या नमुन्यात तिला तशी सोय नाही, नाना. ती नुसती डळमळेल."

नाना दोन दिवस त्या मधल्या सुईबद्दल बोलत होते.

तबकडी त्यांनी बाई आल्या त्याच दिवशी कातली आणि सवयीने एक कड कापून कानसेने सपाट केली. कागद तिसऱ्या दिवशी आला. भोकं पार कडेपर्यंत होती आणि सपाट बाजूची पाच भोकं तबकडीत बसत नव्हती. पितळ तेवढंच होतं. नानांनी छप्पन्न भोकं पाडली. सुया घड्याळाच्या कमानीच्या पोलादातून कापल्या आणि चुंबकावर एकाच दिशेने घासल्या. आठ दिवस गेले. कॉलेजात नेऊन दिली तेव्हा पाच सुया कमी आहेत, हे स्वतःच सांगितलं.

बाईंनी कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, मला पूर्ण गोल हवी होती. तबकडी परत आली.

आमचा बन्सीलाल वेल्डर म्हणाला, नाना, आता तुम्हीही आमच्यासारखेच झालात. नाना हसले नाहीत. डबा न उघडता घरी नेला.

दुसरं पितळ आणून त्यांनी पूर्ण गोल तबकडी केली, एकसष्ट सुयांची. दहा दिवस लागले. न तपासता ते काही देत नसत. स्पीकरचं चुंबक तबकडीवरून डावीकडून उजवीकडे ओढायचं, दूर न्यायचं, टिचकी मारायची. सुया थरथरत आणि एकामागे एक लागून गोल धरत. वीस वेळा केलं, दर वेळी खडूने रेघ मारली. अकरा वेळा उजवा गोल, नऊ वेळा डावा. चुंबक तेच, हात तोच. हे नानांना सहन होईना.

मग त्यांनी परत आलेली तबकडी काढली. सपाट कडेला समांतर चुंबक ओढलं. वीस वेळा. गोल वीसही वेळा एकाच बाजूचा. उलट दिशेने ओढलं, तर वीसही वेळा उलटा. मला हाक मारली.

"देख. बठ्ठ्या एकच बाजूले फिरतस."

मी स्वतः दहा वेळा करून पाहिलं. तसंच, साऱ्या सुया एकाच बाजूला.

दोन्ही तबकड्या पिशवीत घालून आम्ही कॉलेजात गेलो. नानांनी नवी पुढे ठेवली आणि रेघांचा हिशेब सांगितला. मग जुनी काढली. बाईंनी पदर खोचला आणि चुंबक हातात घेतलं. बराच वेळ त्या ओढत राहिल्या, डावीकडून, उजवीकडून. तास बुडाला, मुलं दारातून डोकावून गेली.

"गोल तबकडीत दिशा आपल्या हातात नसते," त्या शेवटी म्हणाल्या. "मी तीच हातात यावी म्हणून धडपडतेय. एक कड कापली की येते, हे मला सुचलं नाही. नाना, ही मला द्या."

"हाऊ नग परत येल शे, बाई."

"मी चुकून परत केला. आता पास करते."

नानांनी तबकडी जवळ ओढली. कड खरोखर किती कापली गेली होती, ते त्यांनी व्हर्नियरने मोजलं आणि बाईंना आकडा लिहून घ्यायला लावला. पुन्हा करायची झाली तर अंदाजाने करू नका, म्हणाले. मधली सुई अजून डळमळत होती. नानांनी तिच्याकडे जरा पाहिलं.

मग खिशातून पंच आणि छोटी हातोडी काढली. सुया हलू नयेत म्हणून मला तबकडी धरायला लावली. सपाट कडेवर एकच ठोका दिला. 'भा' नीट उमटला.