मंडळ चांद्याला आलं

सकाळी तार आली. संध्याकाळी माझे पती वारले.

तार नागपूरच्या मंडळाची होती. वार्षिक सभा चांद्याऐवजी नागपूरला भरेल, सभासदांना प्रवास गैरसोयीचा आहे, एवढाच मजकूर.

मंडळ पृथक्करण करणाऱ्या रसायनज्ञांचं होतं. मिश्रणातले घटक वेगळे काढणं हा या लोकांचा व्यवसाय. अधूनमधून ते जमत, एकमेकांना निबंध वाचून दाखवत, शंका काढत आणि चहा पिऊन घरी जात. माझे पती जंगल खात्याच्या चांद्यातल्या लहानशा प्रयोगशाळेत होते. इथले ते एकटेच सभासद, तरी घराच्या दारावर त्यांनी मंडळाच्या शाखेची पाटी लावली होती. 'पृथक्करण' या शब्दाचा अर्थ लोकांनी आपापल्या परीनं लावला. गोंडपिपरीकडचा एक शेतकरी एकदा धाकट्या भावाला घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसला.

"वेगळं करून देनारे साहेब इथीच राह्यते ना? आमची वाटनी करून द्या."

"भाऊ, मी हिरड्यातले रस वेगळे करतो. माणसं नाही."

"हिरड्याले काऊन वेगळं करता जी? त्याचं कोनासंग भांडन झालं?"

हे पोट धरून हसले. पुढच्या बैठकीत त्यांनी ही गोष्ट नागपूरच्या मंडळींना सांगितली. तीही हसली, आणि तेव्हापासून यांना 'चांद्याचे वाटणीवाले' म्हणू लागली. यांनी तेही हसण्यावारी नेलं. मला ते कधी आवडलं नाही.

हिरड्याचा अर्क कातडं कमावायला लागतो. त्याचा एक थेंब हे गाळणकागदाच्या पट्टीवर खालच्या टोकाशी देत आणि पट्टी काचेच्या बरणीत टांगत. तळाच्या द्रवात फक्त तिची कड बुडे. द्रव कागदातून वर चढे आणि अर्कातले घटक कमीजास्त उंचीवर जाऊन थांबत. पट्टी वाळवून तिच्यावर रसायनाचा फवारा मारला की त्या त्या जागी निळेकाळे ठिपके उमटत. झाडावरून नुकत्याच उतरवलेल्या हिरड्यात यांना एक ठिपका जास्त दिसे. मीही तो पाहिला होता. फळ नागपूरला पोचेपर्यंत तो नाहीसा होई. मंडळात कुणी म्हणे कागद मळका असेल, कुणी म्हणे चांद्याचं ऊन डोक्यात गेलं असेल. "इथं येऊन बघा," एवढंच हे सांगत राहिले. शेवटी एकदाची मंडळानं वार्षिक सभा चांद्याला घ्यायचं कबूल केलं.

यांनी शाळेचं सभागृह मागून घेतलं. सभेनंतर जंगल दाखवावं म्हणून आलापल्लीचं विश्रामगृह पाहुण्यांसाठी राखून ठेवलं. शेजारचे चाचा हिरड्याचे व्यापारी; त्यांनी गाद्या आणि कपबशा दिल्या, आणि टोमणाही दिला. "साहब, तुमचे पंडित खरंच येऊन राह्यले का? का नुसतं तुमीच खुश हून राह्यले?"

"येतात चाचा. या वेळी येतातच."

सभेसाठी ताजा हिरडा हवा म्हणून हे स्वतः आलापल्लीला गेले. पोतं घेऊन परतले ते अंगात ताप घेऊनच. डॉक्टर म्हणाले, जंगलातला हिवताप आहे, मेंदूत चढलाय.

तार आली तेव्हा ते शुद्धीवर होते. "काय म्हणतात?" त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवली. लपवायला हवी होती, असं नंतर बायका म्हणाल्या. मला तसं वाटत नाही. तार त्यांची होती.

ते म्हणाले, "अगं, तो हिरडा पसरून ठेव. पोत्यात कुजेल."

त्यानंतर ते नीटसं काही बोलले नाहीत.

तेराव्यानंतर मंडळ चांद्याला आलं. अध्यक्ष, चिटणीस आणि आणखी दोघे मोटारीनं आले. यांनी मागून घेतलेल्या सभागृहातच शोकसभा झाली. सगळे उभे राहिले, मग बसले, मग चहा झाला. अध्यक्ष माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, रस्ता तसा बराच बरा आहे हो. आम्ही उगाच धसका घेतला होता."

चिटणीसांनी हिरडा बघायला मागितला. सुतकाच्या घरात तो कुणी पसरला नव्हता. मी पोतं दाखवलं. त्यांनी आत हात घातला, वास घेतला आणि रुमालानं बोटं पुसली. "यातून आता काही निघणार नाही," ते म्हणाले. मग आलापल्ली किती लांब आहे, हे त्यांनी विचारलं. आलोच आहोत तर सागवान बघून जाऊ, असं त्यांचं ठरलं. विश्रामगृहाची सोय झालेलीच होती.

मोटार गेल्यावर चाचा ओट्यावर येऊन टेकले. "बाई, बारशाले बोलावलं तं तार धाडली. मातीले मात्र मोटार घेऊन आले."

पुढे मंडळाच्या पत्रिकेत यांच्यावर अर्धं पान आलं. चिकाटीची स्तुती होती. हिरड्याबद्दलचा निष्कर्ष मात्र प्रत्यक्ष भेटीतही पडताळता आला नाही, असं शेवटी लिहिलं होतं. 'प्रत्यक्ष भेटीतही' हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले.

चांद्याची शाखा बंद झाली. मंडळाची सभा नागपूरला भरते. तो ठिपका पाहिलेली आता मी एकटी उरले आहे.